दोन सुरांची हाक

अर्धांगवायूच्या झटक्यात माझ्या नवऱ्याची वाचा गेली आणि उजवा हातही. मग ते डाव्या हाताने कोळशाची चित्रं काढायला लागले. सगळी आमच्या पार्ल्याच्या घराच्या एकाच, बाहेरच्या दाराची. चादरींना, उशीला, चहाच्या कपालाही काळे डाग. मी अंधेरीहून ऑफिस सुटून घरी आले, की ते माझ्याकडे बघत घशातून काहीतरी काढू पाहायचे. ते कण्हणं मला ऐकवायचं नाही. मी म्हणायचे, “बोलू नका, दमाल.”

आठ महिन्यांनी ते गेले.

वर्षभराने वरच्या मजल्यावरच्या मुलीने ती चित्रं मागितली. ती चेलो वाजवते, स्वतः संगीतही रचते. एका रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तिने कार्यक्रम ठेवला. भिंतीवर चित्रं, समोर तिघं वादक: व्हायोलिन, व्हायोला आणि ती. प्रत्येक चित्रासाठी एक नवी रचना. मी पहिल्या रांगेत होते.

तिसऱ्या चित्राला व्हायोलाने दोन सूर वाजवले. पहिला अडकत आला, दुसरा खाली घसरला. थांबला. पुन्हा तेच, पुन्हा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी खुर्चीतून अर्धी उठले, तेव्हा शेजारच्या बाईंनी पाणी हवंय का विचारलं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलीला गाठलं. हे तुला कुठून मिळालं, म्हणून विचारलं. ती गोंधळली. मग तिने सांगितलं, की मी ऑफिसात असताना दुपारी ती चेलो घेऊन खाली यायची. काकांना बोलता येत नसे, पण सुराबरोबर एखादं अक्षर निघायचं.

“काकू, ते तुम्हाला हाक मारायला शिकत होते. ‘अगं’ म्हणायला. माझ्यासमोर दोनदा नीट जमलं होतं. तुम्ही आलात की अडकायचं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला कळत असेल.”

हॉलमधल्या खुर्च्या उचलेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. तिने रेकॉर्डिंग पाठवू का विचारलं. मी नको म्हटलं.

आता मी निवृत्त आहे. दुपारी घरीच असते. वर काहीच वाजत नसतं, तरी कधीकधी मी हातातलं काम टाकून ‘आले’ म्हणते.