साहेबांच्या टर्नटेबलची टिकटिक

हटवार साहेबांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. घरात कोणी आजारी असेल असं वाटून मी चपला हातातच घेतल्या. पण आत फक्त टर्नटेबल चालू होतं.

"ऐक," साहेब कुजबुजले.

सतारीचा आलाप चालला होता. सावकाश, ऐसपैस. आणि त्या आलापात दर फेरीला एकदा, अगदी बारीक, टिक.

"आलं ऐकू?"

"आलं."

"तुझी मोटर हिसके देऊन राहिली, गजू. डॉक्टर म्हणतात, याले कॉगिंग म्हणतात."

चार महिने ती मशीन साहेबांची होती. टिकटिक सुरू झाल्यापासून ती माझी झाली होती.

माझं भंडाऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. हटवार साहेब वरठीच्या स्टील प्लांटमधून मेंटेनन्सचे इन्चार्ज म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर रोलिंग मिलचा खडखडाट ऐकला, आता शांततेत गाणं ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी घर घेतलं ते रेल्वेलाईनपासून हाकेच्या अंतरावर. टर्नटेबल कोणतं घ्यावं, हे विचारायला ते माझ्याकडे आले.

रेकॉर्ड ज्या जड ताटावर फिरते त्याला प्लॅटर म्हणतात. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबराच्या पट्ट्याने प्लॅटर फिरवते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टा नसतो. प्लॅटरच्या पोटातच चुंबक असतं, खाली कॉइल असतात. म्हणजे ताट हाच मोटरचा फिरणारा भाग. हौशी लोक म्हणतात, बेल्टचा आवाज मऊ. मी म्हटलं, साहेब, आपल्याकडच्या मे महिन्यात माणूस मऊ पडतो, तिथे रबराचं काय घेऊन बसता? पट्टा सैल पडला की गायक झोपेत गायल्यासारखा गातो. तुम्ही डायरेक्ट ड्राइव्ह घ्या.

मशीन लावायला गेलो तेव्हा मी प्लॅटर उचलला, उलटा केला आणि जादूगाराने टोपी दाखवावी तसा दाखवला. "हे पाहा साहेब. ताट म्हणजेच मोटर." साहेब इतके खूश झाले की त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावून तो पुन्हा दाखवायला लावला. मीही दाखवला. मला असल्या कामाचा कंटाळा येत नाही.

आता डॉक्टरांविषयी. हे नागपूरचे दातांचे डॉक्टर, पण त्यांचा खरा अभिमान कानांचा. तिथल्या श्रोत्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. साहेबांना त्या मंडळात नुकताच प्रवेश मिळाला होता. डॉक्टरांनी वरठीला येऊन, डोळे मिटून, टिकटिक ऐकली आणि निदान केलं: कॉगिंग. म्हणजे मोटर सलग न फिरता बारीक हिसक्यांनी फिरते. यावर इलाज नाही. मात्र त्यांच्याकडे स्वतःचं एक जुनं बेल्ट ड्राइव्ह होतं. ते साहेबांना देऊन ही सदोष मशीन आपल्या घरी नेण्याची त्यांची तयारी होती. इतका निःस्वार्थी माणूस मी दातांच्या धंद्यात दुसरा पाहिला नाही.

"डॉक्टर आज किती वाजता येऊन राहिले?" मी विचारलं.

"जेवण करून निघाले."

म्हणजे वेळ थोडा होता. गोंदिया वेगळा झाल्यापासून आमचा जिल्हा लहान झाला आहे, आणि लहान जिल्ह्यात बातमीला वेळ लागत नाही. रेकॉर्ड ऐकणारे मोजके. साकोलीचे एक प्राचार्य माझ्याच सांगण्यावरून हीच मशीन घेणार होते. साहेबांची मशीन परत गेली असती तर माझा शब्द पुन्हा वैनगंगा ओलांडून पलीकडे गेला नसता.

मी कामाला लागलो. प्लॅटरच्या काठावर ठिपके असतात, त्यांच्यावर लुकलुकणारा दिवा असतो. वेग बरोबर असला की ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसतात. ठिपके थांबले होते.

"पाहा साहेब, मोटर सरळ फिरून राहिली."

"ठिपके डोळ्याले दिसतात. मी कानानं ऐकतो."

रेकॉर्ड बदलली. टिक. सुई बदलली. टिक. मालगाडी गेली, खिडकी थरथरली, टिक आपली शिस्तीत. साहेबांनी मशीनखाली कडप्प्याची फरशी ठेवली होती आणि फरशीखाली अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू.

"माह्या भांड्यांचा स्टँडही न्हाणीत नेऊन ठेवला, गजूभाऊ," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. "म्हणे, वाट्या गुंजतात. महिना झाला, मी वाटी आणायले न्हाणीत जातो."

तेवढ्यात डॉक्टर आले. सोबत खोकं. मी त्यांच्या देखत अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. मला वाटलं, टिक थांबली तर दोष वायरिंगचा, आणि वायरिंग मला येतं. खोलीत शांतता झाली. त्या शांततेत, स्पीकर बंद असताना, मशीनच्या पोटातून आवाज आला. टिक.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "आता तर मशीनच कबूल करून राहिली." आणि त्यांनी खोक्याची दोरी सोडली.

माझ्याच हातांनी मी माझा खटला बुडवला होता. आता एकच जागा पाहायची राहिली होती. मी प्लॅटरला हात घातला.

"खाली काही नाही," साहेब म्हणाले. "मी स्वतः उचलून पाहिलं आहे."

"कधी?"

"दसऱ्याला."

"दसऱ्याला कायले?"

साहेब माझ्याकडे असे पाहू लागले, जणू दसऱ्याला काय करतात हेही याला माहीत नाही. मी प्लॅटर उचलून उलटा केला. चुंबकाच्या कड्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट होतं, तेलात कालवलेलं. त्यात दोन अक्षता घट्ट वाळल्या होत्या. एक आडवी होती. दुसरी उभी होती, आणि दर फेरीला खालच्या स्क्रूच्या डोक्याला शिवून जात होती.

मग साहेबच म्हणाले, "प्लांटमध्ये मी तीस वर्षं मोटरवरचा पत्र्याचा गार्ड उघडून पूजा केली. फिटर लोक पत्र्याले कुंकू लावत, मी म्हणो, पूजा मोटरची असते, पत्र्याची नाही. आणि ताट म्हणजेच मोटर, हे तूच तर सांगतलं."

"दोनदा सांगतलं," वहिनी म्हणाल्या. "मले बोलावून सांगतलं."

मी नखाने अक्षता काढल्या, कुंकू पुसलं, सतार पुन्हा लावली. आलाप सुरू झाला आणि चालूच राहिला. साहेबांचे डोळे भरून आले. वहिनी उठल्या आणि न्हाणीकडे गेल्या. थोड्याच वेळात त्या आलापात भांड्यांचा स्टँड खडखडत घरात परत आला. साहेबांनी सरकून त्याला वाट दिली.

डॉक्टरांनी त्यातली एक अक्षत तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेऊन निरखली.

"तांदूळ कोणता, वहिनी?"

"घरचा चिन्नोर."

डॉक्टरांनी मान हलवली. "तरीच. बारीक दाणा. जाडा असता तर मी पहिल्याच दिवशी ओळखला असता."

आणि त्यांनी खोक्याची दोरी पुन्हा बांधली.

साकोलीच्या प्राचार्यांनी ती मशीन घेतली. त्याआधी त्यांनी मला फोनवर पुष्कळ विचारलं. बेल्टचं काय, कॉगिंगचं काय, खाली फरशी कोणती ठेवू. मी सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "सर, तुमच्या घरी दसऱ्याची पूजा कोण करते?"