रेजिनाबायची रेघ

बहारीनहून परत आलो तेव्हा सगळ्यांनी विचारलं, सोनं किती आणलंत? किस्से किती आणलेत हे कोणी विचारलं नाही, आणि कस्टमवाल्यांनीही त्यासाठी बॅग उघडायला लावली नाही. आता सोनं मुलीच्या लग्नात संपलं, किस्से मात्र वाढतच चाललेत. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा "माझं काय?" करत उभा! त्यातून मी नोकरीला होते बाळंतपणाच्या दवाखान्यात, तेही रिसेप्शनवर. दारातून येणारं प्रत्येक माणूस आधी माझ्या पुढ्यात.

नव्वदच्या दशकातला काळ. बहारीनच्या झिंज भागातल्या एका गल्लीत आमचा छोटा दवाखाना. डॉक्टर होत्या पुण्याच्या आठल्येबाई. बोलणं असं, की समोरच्याने आधी खुर्ची घट्ट धरावी. गेटवर वॉचमन हमीदभाई, रत्नागिरीचे. दर शुक्रवारी मैदानात क्रिकेटच्या मॅचेस व्हायच्या, तिथले ते अंपायर. उरलेले दिवस आमच्याकडे, पण अंपायरकी काही अंगातून जायची नाही!

आणि गेटच्या बाहेर, वसईच्या रेजिनाबाय. त्यांचंच सांगते.

* * *

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हमीदभाईंनी त्यांना सरळ टोकन दिलं. पन्नाशीची बाई, हातात जपमाळ, चेहरा गंभीर. त्यांना वाटलं, पेशंट. रेजिनाबायही टोकन घेऊन एसीत येऊन बसल्या. चांगल्या तासभर बसल्या. नंबर आला तशा आत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मी तपासायला नाही आले. मी निषेध करायला आलेय."

आमच्याकडे बाळंतपणंच जास्त. पण बाईच्या जिवाला धोका असला, तर कायद्यात बसेल त्याप्रमाणे क्वचित गर्भपातही व्हायचा. ते रेजिनाबायच्या कानावर गेलं होतं. त्यांची बहीण अमेरिकेत. तिने फोनवर सांगितलं होतं की तिकडे लोक अशा दवाखान्यांबाहेर प्रार्थना करत उभे राहतात. मग आपणच का मागे राहायचं?

आठल्येबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "अहो, मग आत कशाला बसलात? निषेध बाहेरून करतात!"

रेजिनाबाय "सॉरी हां" म्हणून उठल्या, टोकन परत दिलं आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

* * *

मला वाटलं होतं, बाई दोन दिवसांत कंटाळेल. कसलं काय! नवऱ्याची, म्हणजे इनासभाऊंची, मीना सलमान बंदरावर वर्कशॉपमध्ये नोकरी. ते सकाळी बायकोला आमच्या गेटवर सोडायचे, दुपारी घेऊन जायचे. शुक्रवार सोडून रोज!

मी डॉक्टरांना म्हटलं, "हाकलून द्या ना त्यांना! पेशंट घाबरतील."

"रस्ता माझ्या बापाचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना पटत नाही, त्या उभ्या राहतील. पेशंटला आत यायचंय, पेशंट आत येईल. दोघींनाही जागा पाहिजे." मग बाहेर जाऊन त्यांनी रेजिनाबायना अटी सांगितल्या. कोणाला अडवायचं नाही, कोणाला हाक मारायची नाही. "आणि ज्या दिवशी एक जरी बाई तुमच्यामुळे दारातून परत गेली, त्या दिवशी तुमची जागा गेली. कबूल?"

"कबूल," रेजिनाबाय म्हणाल्या.

पण म्हणजे उभं राहायचं नेमकं कुठे? हमीदभाई मैदानावरचा चुन्याचा डबा घेऊन आले आणि गेटपासून चार ढांगांवर त्यांनी झकास पांढरी रेघ ओढली. क्रीज! रेजिनाबायची चप्पल जरा पुढे सरकली की हमीदभाईंचा हात आडवा झालाच. "बाय, पाय आत आला तुमचा. नो बॉल!"

रेजिनाबाय निमूट पाय मागे घ्यायच्या. अमेरिकेत म्हणे यावर कोर्टात खटले चालू होते, की दारापासून किती लांब उभं राहायचं. आमच्याकडे हमीदभाईंनी चुन्यात निकाल दिला, आणि त्यावर कोणी अपील केलं नाही.

* * *

आता गंमत अशी, की रेजिनाबाय कशाला उभ्या आहेत हे तिथल्या बायकांना कळायचंच नाही. जपमाळ दिसायची, ओठ हलताना दिसायचे. एक दिवस एक बहारीनी आजी दिवस भरलेल्या सुनेला घेऊन आली. रेजिनाबायच्या पुढ्यात थांबली, त्यांचा हात धरला आणि सुनेच्या पोटावर ठेवला. प्रार्थना कर म्हणाली!

पोरगं झालं गुटगुटीत. बातमी पसरायला कितीसा वेळ? आठवड्याभरात रेजिनाबायसमोर बायकांची रांग. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. त्याही कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. नवऱ्याची गाडी आली की कपाळावर हात मारून मला म्हणायच्या, "अगं कुंदा, आजही निषेध राहूनच गेला!"

* * *

उन्हाळ्यात तिथलं ऊन म्हणजे विचारू नका. आमच्याकडून मी पाणी घेऊन गेले तर रेजिनाबाय मान हलवायच्या. "या दवाखान्याचं पाणी पिणार नाही." गल्लीच्या टोकाच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, स्वतः बाटली विकत घ्यायच्या. एक दिवस बाटली संपली, हवेत दमट वाफ, आणि बाई उभ्याच्या उभ्या कोसळल्या.

हमीदभाईंनी आणि मी उचलून आत आणलं. डॉक्टर हातातलं काम सिस्टरकडे देऊन धावत आल्या. बाईंचं डोकं मांडीवर घेऊन त्या गार पाण्याने कपाळ पुसत बसल्या होत्या. एरवी आम्हाला खडे बोल सुनावणाऱ्या आमच्या डॉक्टर! मी बघतच राहिले.

शुद्धीवर आल्या तशी रेजिनाबायची नजर वर लटकलेल्या सलाईनच्या बाटलीकडे गेली. "हे दवाखान्याचं पाणी ना?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही कुठे प्यायलात? मी घातलं!"

बाहेर सोडताना रेजिनाबाय ओशाळून म्हणाल्या, "हमीदभाई, रेघ ओलांडली हो मी."

"नाय बाय, ती मोजायची नाय," हमीदभाई म्हणाले. "डेड बॉल!"

* * *

संक्रांतीला डॉक्टरांच्या आईने पुण्याहून तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या. आम्हा सगळ्यांना वाटून झाल्या तशा डॉक्टर डबा घेऊन रेघेपाशी गेल्या. "घरच्या आहेत, दवाखान्याच्या नाहीत. तिळगूळ घ्या, गोड बोला."

रेजिनाबायनी वडी घेतली. म्हणाल्या, "तिळगूळ घेते. पण गोड बोलायचं जमणार नाही हां, डॉक्टरीणबाई!"

"मग दोन घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

* * *

त्या वर्षांत तिथे सरकारविरुद्ध निदर्शनं चालू, वातावरण फार तापलेलं. कोपऱ्यावर चार माणसं गप्पा मारत उभी राहिली तरी पोलिसांची जीप थांबायची. एकटी बाई माळ ओढत उभी असली तर कोण लक्ष देतंय? पण रेजिनाबायनी काय करावं! नवऱ्याच्या वर्कशॉपमधून प्लायवूडचा तुकडा आणला, त्यावर लाल ऑइलपेंटने सुरेख, वळणदार अक्षरात रंगवलं, 'बाळाला जगू द्या', आणि तो बोर्ड छातीशी धरून उभ्या राहिल्या. मराठीत! त्या गल्लीत तो वाचू शकणारी माणसं आम्हीच.

वाचता येत नाही म्हणूनच जीप थांबली. पोलीस बलुची होता, उर्दू बोलायचा. "क्या लिखा है? किसके ख़िलाफ़ है?" रेजिनाबायचा चेहरा पांढराफटक. निदर्शनं केली असं ठरलं असतं, तर नवऱ्याचा व्हिसा रद्द आणि सगळं कुटुंब विमानात! लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती त्यांची. सगळा संसार त्या फळीवर आला होता.

तेवढ्यात आठल्येबाई गेटबाहेर. पुणेरी हिंदी सुरू! "किसी के खिलाफ नहीं है. ये हमारा बोर्ड है. इसमें लिखा है, बच्चे को जीने दो. बाळंतपण का दवाखाना है, दूसरा क्या लिखेंगे?"

"तो ये औरत लेके क्यूँ खड़ी है?"

"खिळा नहीं मिल रहा था!"

पोलिसाला खिळा काय ते कळलं नाही. हमीदभाईंनी भिंतीवर ठोकून दाखवल्यासारखं केलं. पोलीस हसला. म्हणाला, बाईच्या हातात नको, आत्ताच्या आत्ता भिंतीवर लावा. यल्ला! जीपमध्ये बसून तो बघत राहिला आणि हमीदभाईंनी तो बोर्ड आमच्याच दाराशेजारी ठोकला. मगच जीप हलली.

आत आल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, अहो ती बाई तुमच्याविरुद्ध उभी असते!"

"मग? विरुद्ध उभं राहायला माणूस आधी देशात तर राहायला हवा ना!"

बोर्ड काढायचं मात्र कोणाचं धाडस झालं नाही. जीप रोज त्याच रस्त्याने जायची. आठल्येबाई रोज सकाळी त्या बोर्डाशेजारून आत जात होत्या. एकदाही त्यांनी मान खाली घातली नाही की वर करून पाहिलं नाही. अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

* * *

आता शेवटचा.

रायगडकडची एक मुलगी होती. नाव सांगणार नाही. घरी दोन लहान मुलं, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर हृदय कमजोर झालेलं. तिसरं झेपणार नाही, जीव जाईल, असं मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सगळं रीतसर ठरलं होतं. नवऱ्याला ड्यूटीवरून निघायला उशीर होणार होता, म्हणून ती एकटीच टॅक्सीने आली.

मी काचेतून बघत होते. रेजिनाबाय रेघेमागे उभ्या, माळ चालू. ती मुलगी त्यांच्याकडे न बघताच पुढे आली. रेघ ओलांडली, गेटमधून आत आली, दाराला हात लावला आणि थांबली. भिंतीकडे बघत राहिली. मराठी शाळेत शिकलेली होती ती! आजवर एकाही पेशंटने न वाचलेला तो बोर्ड तिने वाचला. डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि जशी आली तशी झपाझप निघून गेली.

मी हाक मारली तशा डॉक्टर बाहेर धावल्या, मागोमाग मीही. मुलगी गल्लीच्या टोकाला पोचली होती. डॉक्टर रेघेपाशी थांबल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "रेजिनाबाय, बाई परत गेली."

"मी काही बोलले नाही तिला! बोर्ड तुमच्या भिंतीवर आहे, डॉक्टरीणबाई."

"अक्षर तुमचं आहे."

रेजिनाबायनी हळूच विचारलं, "कशाला आली होती ती?"

"ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे." डॉक्टरांचे डोळे भरले होते. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. "मी मागे गेले तर अजून घाबरेल. मी डॉक्टर आहे."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, मरेल ती! पण डॉक्टरांनी सांगितलं नाही ते मी कसं सांगणार?

रेजिनाबायनी एकदा बोर्डाकडे पाहिलं. मग हातातली माळ हमीदभाईंच्या हातात ठेवली आणि त्या भर उन्हात तिच्या मागे निघाल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी जवळजवळ पळतच! कोल्ड स्टोअरच्या सावलीत त्यांनी तिला गाठलं. तिथून काही ऐकू येत नव्हतं. मुलगी बोलत होती, मग रडत होती. रेजिनाबाय नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी तिचे डोळे पदराने पुसले, स्वतःचेही पुसले.

दोघी हात धरून परत आल्या. रेघेपाशी येऊन रेजिनाबाय थांबल्या आणि तिला म्हणाल्या, "जा." मुलगी हात सोडेना.

रेजिनाबायनी हमीदभाईंकडे पाहिलं. चपलेचं टोक पुढे आलं तरी हात आडवा करणारा हा माणूस! हमीदभाई एका हातात जपमाळ धरून वळले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

दोघी आत गेल्या. सगळं नीट पार पडेपर्यंत रेजिनाबाय आतल्या बाकावर बसून होत्या, डोळे मिटून. मुलीचा नवरा धापा टाकत आला तेव्हाच उठल्या.

बाहेर आल्या, परत रेघेमागे उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. हमीदभाईंनी माळ दिली. डॉक्टर स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. दवाखान्याचं पाणी! रेजिनाबाय घटाघटा प्यायल्या, ग्लास परत दिला, आणि खाली पाहिलं. दोघींच्या पायांनी चुना विस्कटला होता.

"हमीदभाई," त्या म्हणाल्या, "रेघ पुसली गेलीय. मी उद्या येईपर्यंत ओढून ठेवा."