सेरेइमाबाई आणि तोरिकाचा हात

सेरेइमाबाईंचा धाकटा भाऊ जन्मभर घर सोडून कुठे गेला नाही. त्याला बोलता येत नसे, फिटही यायची. आईवडील मळ्यावर निघाले की त्याच्या कमरेला दोरी बांधून ती खांबाला अडकवत, समुद्रात जाऊ नये म्हणून. तरुणपणीच तो गेला. गावातला एक म्हातारा म्हणाला, "सुटला बिचारा." बाईंनी हे मला एकदाच सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "सुटला कसला! दोरी आम्ही सोडली, तीही तो मेल्यावर."

सावूसावू या बेटावरच्या गावी आमच्या शाळेत शिकायला वेळ लागणारी, अडखळणारी मुलं येत. मी तिथे बाईंच्या हाताखाली शिकवत होते. मोठ्या मुलांना चर्चच्या गाडीत घालून कामाच्या जागा दाखवायला न्यायचं, हे खूळ बाईंचं. बेकरी, खोबऱ्याची गिरणी, हॉटेलचं धोबीघर. शाळा संपल्यावर ही मुलं ओट्यावर बसून राहू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

बेकरीवाला रामनरेश हसून म्हणाला होता, "बाई, यांना काय कळणार? पाव खातील नि जातील."

"कळलं नाही तरी शिळा कुठला हे तोंडावर सांगतील. तुमची गिऱ्हाइकं भिडेपोटी गप्प बसतात."

तो खो खो हसला, मुलांना पाव वाटले, सगळ्यांबरोबर फोटो काढला. काम कुणाला दिलं नाही. सगळीकडे हेच.

हॉटेलच्या धोबीघरात मात्र तोरिका पाय रोवून उभी राहिली. सतरा-अठराची, अंगाने दणकट, शब्द मोजके. गरम चादरींचा ढीग बघून तिने एक चादर छातीशी धरली आणि म्हणाली, "मी. इथे." बाईंनी मॅनेजरकडे इतक्या खेपा घातल्या की त्याने कंटाळून तिला घेतलं. काम ठरलं ते घड्या घालायचं, मशीनजवळ जायचं नाही.

तिची आई माकेलेसी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागली. कुणी काही विचारलं नाही तरी सांगायची, "आमची तोरिका दमून येते गं कामावरून."

मग एकदा हॉटेल पाहुण्यांनी भरलं आणि इस्त्रीच्या मशीनवरची बाई आलीच नाही. मुकादमाने तोरिकाला तिथे उभं केलं. दोन तापलेले रूळ, मधून चादर सरकवायची. पुढे एक दांडी असते, हात लागला की मशीन थांबतं. त्या दांडीने काम सारखं थांबतं म्हणून कुणीतरी ती चिंधीने घट्ट बांधून ठेवली होती. चादरीबरोबर तोरिकाचा उजवा हात आत गेला. डॉक्टरांनी तो मनगटापासून काढला.

शाळेच्या कमिटीसमोर मॅनेजर म्हणाला, "आम्ही दयेपोटी घेतलं होतं. असल्या मुलांना पाठवायचंच नव्हतं."

"दांडी बांधलेली होती," बाई म्हणाल्या. "तुमचा हात असता तर तुमचाही गेला असता."

"कोण म्हणतं बांधलेली होती?"

साक्षीला बोलावलेल्या धोबीघरातल्या बायका खाली मान घालून बसल्या. बाहेर बसस्टँडवर त्यांच्यातली केलेरा बाईंजवळ आली. "बाई, मी पाहिलंय सगळं. पण घरात कमावणारी मी एकटी."

"मग मला कशाला सांगतेस?"

"कुणाला तरी सांगायला हवं ना!"

बाई रागावल्या नाहीत. तिची बस येईपर्यंत तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

कमिटीने मुलांना बाहेर नेणं बंद केलं. बाई आपल्या काकांना, नेमानींना, सोबत घेऊन, माफी मागताना इथे देतात तो देवमाशाचा दात घेऊन तोरिकाच्या घरी निघाल्या. मी म्हटलं, "बाई, चूक तुमची नाही. माफी मागितली की ती तुमच्याच गळ्यात पडेल."

"पडू दे. त्या घरी कुणीतरी जायला हवं. हॉटेलवाले जाणार आहेत का?"

चटईवर बसून नेमानीकाकांनी दात पुढे केला, माफीचे शब्द म्हटले. तोरिकाच्या चुलत्याने तो रीतीप्रमाणे स्वीकारला. म्हणजे प्रकरण मिटलं. पण माकेलेसी दारात येऊन म्हणाली, "त्यांनी घेतला, मी नाही घेतला. घरात होती तेव्हा माझी पोर धड होती, बाई."

आतून तोरिका आली, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बाईंजवळ टेकली आणि विचारलं, "उद्या गाडी?"

बाईंना रडताना मी फक्त तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या चार भिंतींच्या आत मुलांकडून कागदी फुलं करून घेत राहिल्या. आपलं काम चोख केलं, पण बोलणं कमी झालं. हॉटेलात नवं मशीन आलं. तोरिका आता बाजारात आईशेजारी बसते, अळूच्या जुड्या डाव्या हाताने आणि दातांनी बांधते. बाई दर शनिवारी तिथूनच भाजी घेतात. माकेलेसी पैसे घेते, सुटे परत देते, वर बघत नाही.