दुभाजकापलीकडची आत्या

माझ्या लहानपणी आमच्या दारापासून आत्याच्या दारापर्यंत चोवीस पावलं होती. मधून राज्यमार्ग जायचा. पुढे त्याच दोन दारांमधलं अंतर अडीच किलोमीटर झालं. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही.

वडील या रस्त्यावर मैलकुली होते. कोथरूडच्या माझ्या सोसायटीत हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. सरकारी रस्त्याचा चार-पाच किलोमीटरचा तुकडा एका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे बुजवायचे, पावसाआधी कडेची गटारं मोकळी करायची, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. वडिलांच्या तुकड्यातच आमचं गाव होतं. खिंडीकडे हिरव्या डोक्याचा किलोमीटरचा दगड होता, तो ते दर दिवाळीला स्वतः रंगवत.

रस्त्याची कुळकथा त्यांना तोंडपाठ होती. आधी बैलगाडीची वाट, तीही आजोबांच्या शेतातून गेलेली. मग एका दुष्काळात तिच्यावर खडी पडली. ती खडी फोडायला माझी आजी होती. मग डांबर आलं, मग नंबर. शहराच्या नाक्यापासून निघायचं, कालवा ओलांडायचा, आमचं गाव, खिंड, तालुक्याचं गाव आणि शेवटी घाटमाथा. पहाटे याच रस्त्याने आमच्याकडची मेथी-कोथिंबीर मंडईत जायची. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परतली, तेव्हा वडिलांनी तिला रस्त्यापलीकडच्या तुकड्यात दोन खोल्या बांधून दिल्या. "हाक मारली की ऐकू येतंय," असं त्यांचं गणित होतं.

मग शहराने गाव पोटात घेतलं. झाडं एका आठवड्यात गेली. वडील तेव्हा हयात नव्हते, हे एक बरं झालं. रस्ता सहापदरी झाला, मधोमध कमरेएवढा सिमेंटचा दुभाजक आला आणि त्याला गावासमोर एकही फट ठेवली नाही. पलीकडे जायचं तर खिंडीपर्यंत चालत जायचं, वळायचं आणि परत यायचं.

आत्याला तोवर नीट दिसेनासं झालं होतं. चुलीशी बसणं धोक्याचं, म्हणून आई रोज दुपारी तिला भाकरी नेऊन द्यायची. आईने सत्तरी ओलांडलेली. ती खिंडीपर्यंत जाणार कशी? ती गाड्या थांबायची वाट बघायची, डबा दुभाजकावर ठेवायची, पोटावर आडवी होऊन पलीकडे उतरायची. मी ओरडले की म्हणायची, "समदीच जात्यात. म्या काय येगळी हाय?"

दोन वर्षांपूर्वी ती पलीकडे उतरली आणि एका दुचाकीने तिला उडवलं. मी गावाजवळच्याच माझ्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. निरोप आला तशी चालू तास सोडून निघाले. पोचले तेव्हा तिला रिक्षात घालत होते. गर्दीतला एक गृहस्थ हेल्मेट काढून मला म्हणाला, "या वयात दुभाजक चढतात का? कळायला नको?" मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "वन्सं उपाशी असत्याल."

आई अंथरुणावर असताना आत्याला पलीकडचे शेजारी भाकरी देत, आणि मी अर्ज घेऊन फिरले. राज्याच्या कचेरीत सांगितलं, "मॅडम, तो भाग शहराकडे वर्ग झालाय." शहराच्या कचेरीत सांगितलं, "व्हायचाय. अजून झालेला नाही." पुन्हा पहिल्या कचेरीत गेले, तेव्हा एका तरुण इंजिनियरने कॉम्प्युटरवर नकाशा उघडला.

"इथे वस्ती दाखवलेली नाहीये मॅडम."

"अहो, वस्ती रस्त्याच्या आधीची आहे."

"असेल. पण नकाशात नाही ना."

"मग नकाशातलाच एखादा माणूस पाठवा, माझ्या आईला हात धरून पलीकडे न्यायला."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मी गावातल्या प्रत्येक घरातून सही किंवा अंगठा घेतला आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवला. उत्तर आलं, की सुरक्षेच्या कारणास्तव दुभाजक तोडता येणार नाही. माझ्या आईचं हाड मोडलं ते सुरक्षेत मोडलं.

त्याच उन्हाळ्यात गावापासून अर्ध्या किलोमीटरवर एका नव्या गृहप्रकल्पाचं गेट उभं राहिलं. बाहेर कारंजं, आत नमुन्याचा फ्लॅट. एके दिवशी बसमधून जाताना बघते, तर गेटसमोर दुभाजक कापलेला, पांढरे पट्टे मारलेले, सिग्नल लागलेला. राहायला अजून कोणी आलेलंही नव्हतं. मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि तडक कचेरी गाठली.

"तिथे ट्रॅफिक जनरेट होणार आहे मॅडम," इंजिनियर म्हणाला.

"आणि आमच्याकडे?"

"तुमच्याकडे काय, नुसती माणसं क्रॉस करतात."

पंचवीस वर्षं मी वर्गात आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. माझ्या आजीने फोडलेली खडी, वडिलांनी उन्हात बुजवलेले खड्डे, सगळं काढलं. आजूबाजूची टेबलं माना वर करून बघू लागली. शेवटी शिपाई म्हणाला, "बाई, आपण बाहेर बसता का जरा?" बाहेर बसून मी रडले, आणि रडल्याचा मला आणखीच राग आला.

आई काठी घेऊन चालू लागली, पण घराच्या आतच. अर्ध्या किलोमीटरवरचा सिग्नल तिच्यासाठी खिंडीइतकाच लांब. मग मी एका रविवारी रिक्षा केली आणि आत्याला आणायला गेले. ती उंबऱ्यात बसून होती. "म्या न्हाई यायची. माझ्या भावानं बांधून दिल्यात या खोल्या," एवढंच म्हणत राहिली. तिला उचलायची वेळ आली नाही. दुपारपर्यंत मी शेजारी बसून राहिले, तेव्हा ती आपणच उठली आणि कुलूप कुठे ठेवलंय ते सांगितलं. रिक्षा सिग्नलला वळून आमच्या दारात आली. दोघी नणंदा-भावजया एकमेकींचे चेहरे चाचपत राहिल्या.

आई आता म्हणते, "बरं झालं, दोघींची एकच चूल." तिचं खरं असेल. मला तेवढं समजूतदार होता येत नाही.

गेल्या महिन्यात कचेरीचं पत्र आलं. प्रत्यक्ष पाहणीत गावासमोर रस्ता ओलांडणारं कोणी आढळलं नाही, म्हणून मागणी निकाली काढली आहे, असं त्यात आहे. आजही सकाळी त्या दुभाजकावरून बायका पोटावर आडव्या होऊन उतरतात. पाहणी कोणत्या दिवशी, किती वाजता केली, हे पत्रात लिहिलेलं नाही. तेवढंच विचारणारा अर्ज मी काल देऊन आले आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलले नाही.