वस्तऱ्याच्या नावावर

धाकटा सुट्टीवर आल्यापासून आईच्या डोक्यात एकच भुंगा घोंगावत होता: हा डोकी अशी का चाचपतो? घरी आला की मागच्या दारी खुर्ची टाकून सगळ्यांचे केस कापायचे, हा त्याचा नेमच. पण या वेळी बाबांच्या केसांना कात्री लावण्याआधी त्याने बोटांनी सगळी कवटी दाबून पाहिली, कानामागची कातडी ताणली आणि हळूच विचारलं, "इथे दुखतंय का?"

"दुखायला तिथे उरलंय काय?" बाबा हसले. धाकटा हसला नाही.

न्हाव्याच्या घरातलं पोर. नऊ वर्षांचा असताना फुग्याला साबण फासून वस्तरा चालवायला शिकला. फुगा फुटला की बाबांची टपली ठरलेली. पुढे टपल्या थांबल्या, पण बापलेकांना पुरतील एवढी डोकी गल्लीत नव्हती, म्हणून तो फौजेत न्हावी झाला. "बंदूक नाही गं, कात्रीच धरायचीय," असं म्हणून त्याने आईची समजूत काढली होती. मग लढाई पेटली आणि त्याची बदली युद्धकैद्यांच्या छावणीवर झाली.

बाबांच्या खांद्यावरचा टॉवेल झटकता झटकता आईने त्याला बोलतं केलं.

"आधी सगळ्यांची डोकी सफाचट करायचो. मग हुकूम आला, मागचे केस वाढू द्या. मानेवर चट्टे होते, आई. तापलेल्या तारेचे."

"आणि तू?"

"मी काय, तोंडाला कुलूप."

मग बाहेरच्या देशांतले तपासनीस येणार म्हणून साहेबांनी सांगितलं, केस वरवर नीटनेटके कर. शेवटचा कैदी मान खाली घालून बसला होता. मागची कड वाकडी दिसत होती. धाकट्याला राहवेना. एक बाजू सरळ केली तर दुसरी खाली वाटे, ती उचलली तर पहिली. हात थांबला तेव्हा मान उघडी पडली होती.

"तसंच शिकवलं मी," बाबा पुटपुटले.

तपासनिसांनी चट्टा पाहिला. युद्धकैद्याशी एकांतात बोलायचा हक्क त्यांना आंतरराष्ट्रीय करारानेच दिलेला. पहारेकऱ्यांना बाहेर काढून ते अर्धा तास बोलले. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि त्या कैद्याला मागच्या खोलीत नेलं. त्यानंतर तो धाकट्याच्या खुर्चीत आला नाही.

आता धाकट्याच्या बॅगेत एक टाइप केलेला कागद होता: कैद्याच्या मानेवरची जखम माझ्या हातून वस्तरा लागून झाली. खाली सहीची जागा. सोमवारी कामावर हजर होताना सही करून आणायची. सुट्टी मिळाली होती ती त्यासाठीच.

"करून टाक सही," बाबा म्हणाले. "वस्तरा कुणाला लागत नाही? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"अहो, चाळीस वर्षांत तुमच्या वस्तऱ्याने कुणाची मान भाजली?"

"झाल्या मास्तरीणबाई सुरू! तुझा शाळेतला कायदा पुस्तकात शोभतो. आपलं पोर परत यायला नको?"

तिला तरी दुसरं काय हवं होतं? सही केली तर पोर सुटेल, पण तपासनिसांची चौकशी तिथेच मिटेल आणि मागच्या खोलीकडे कुणी फिरकणार नाही. नाही केली तर पोर साहेबांच्या तावडीत. इकडे आड, तिकडे विहीर.

"वरून हुकूम होता म्हणून छळ माफ होत नाही, हे तुम्हाला फौजेत शिकवतात ना?"

"शिकवतात की. छापील पत्रकही देतात. साहेब त्यावर चहाचा कप ठेवतात."

"तो माणूस जिवंत आहे का रे?"

"निघालो त्या सकाळी आत ताट गेलं होतं."

"नाव काय त्याचं?"

"नाव ठाऊक नाही. नंबर चारशे सतरा." त्याने कात्रीच्या पाकिटातून फोन नंबर छापलेलं एक कार्ड काढलं. तपासनिसांनी जाताना सगळ्यांना वाटलेलं. बाकीच्यांनी फेकून दिलं होतं. "माझा फोन ते ऐकतात, आई."

आईने कार्ड हातात घेतलं. "हे कुणी सांगितलं, असं विचारलं तर?"

धाकट्याने बाबांकडे पाहिलं. बाबा टॉवेलची घडी घालू लागले.

"न्हाव्याने, म्हण. माझं नाव सांग."

तिने चपला पायात सरकवल्या. फोन घरून नको, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून करू, तिने ठरवलं. तिथली नर्स ओळखीची होती, आणि सोमवारला दोनच दिवस उरले होते.