पत्र्याचे खिळे

पत्र्यातून थेंब पडतोय, मी बघत बसलोय. पत्र्याला खिळा उंचवट्यावर मारायचा असतो. मी मारले खोलगटात, जिथून पाणी वाहतं. मिस्त्री खालून ओरडला, "अरे बाबा, तिथं नको!" मी वरून म्हटलं, "घर माझंय."

लोकांची छपरं वादळानं जातात, आमचं माझ्या शहाणपणानं गेलं. दरसाली नवा खिळा गळतो, आणि आई आपली खाट सरकवते. चुलीजवळची खाट आता उंबऱ्याला टेकलीय.

शेजारीण म्हणाली, "आक्का, दारात का झोपता ओ?"

"वारं लागतं गं. पत्रे माझ्या लेकानं स्वतः ठोकलेत."

अजून एक खिळा गळू दे. मग घर खरंच माझं एकट्याचं.