पियानोचा भाता

स्टाफरूममध्ये किस्से कोणी ठरवून जमवत नाही. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात! माझी बायको कुसुम गेल्यावर स्टाफ मला भेटायला आला, तोही सांत्वनाचं बोलता बोलता तिच्या पियानोच्या किश्श्यावर घसरला. मी चहा टाकला.

परभणीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, कुसुम संगीत. एका आजारपणात तिचा डावा हात अधू झाला. उजव्या हाताने पेटी वाजायची, पण भाता कोण मारणार? समोर बसून मी मारू लागलो. मुलं मला ‘भातासर’ म्हणू लागली!

माझी हवा कधी कमी, कधी जास्त. एकदा प्रार्थनेत ती भर ओळीत थांबली.

“अहो, प्रार्थना चाललीय. चूल नाही पेटवायची!”

त्याच दिवशी ती हेडसरांना म्हणाली, “विजेवरची पेटी घ्या सर. एकटीला वाजवता आलं तर वाजवीन, नाहीतर बंद करीन.”

हे मात्र ती हसत म्हणाली नाही.

*

हेडसरांनी जेमतेम बजेट मंजूर केलं. दुकानात आम्ही चौघं गेलो: हेडसर, कुसुम, मी आणि सामान उचलायला शिपाई गफूरचाचा.

दुकानदाराने छोटा पियानो काढला. “बाई, ह्यो घ्या. सेलवर चालतो, शंभर आवाज हायेत. लय खपायलाय!”

पट्ट्या इतक्या अरुंद, की कुसुमच्या एका बोटाखाली दोन वाजायच्या.

“या बजेटमध्ये बोटं बारीक करून मिळतात का?”

हेडसर हटेनात. “पण बाई, शंभर आवाज!”

“सर, आपल्या स्टाफरूममध्ये कमी आहेत का?”

*

तेवढ्यात गफूरचाचांनी कुठलंसं बटण दाबलं आणि पियानो आपोआप वाजू लागला. हेडसर खूश! “अरे वा! मग शिकवायला बाई कशाला?”

“घाला याचं नाव मस्टरवर,” कुसुम म्हणाली. “पण मग परीक्षेचं सुपरव्हिजनही यालाच द्या!”

*

शेवटी तेवढ्याच किमतीत मोठ्या पट्ट्यांचा एक निघाला. आवाज मोजकेच. दुकानदार प्रामाणिक. “सर, ह्याला सेल न्हाईत. लाईट गेली की मुका.”

“परभणीत लाईट जातेच किती!” हेडसर म्हणाले.

दुकानदाराने अजून फिरत असलेल्या पंख्याकडे पाहिलं, हेडसरांकडे पाहिलं आणि घाईघाईने पावती फाडली!

*

परतताना पियानो गफूरचाचांच्या मांडीवर. खड्डा आला की ते रिक्षावाल्यावर ओरडायचे, “हौले चल रे! बाजा नक्को समझ, बाई का हाथ है!”

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे लांबलेलं गॅदरिंग एकदाचं झालं. कुसुम स्टेजवर एकटीच वाजवत होती. मी पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून. दुसऱ्या कडव्याला लाईट गेली!

पियानो मुका.

मी अंधारात चाचपडत स्टेजवर चढलो, तिच्यासमोर माझ्या नेहमीच्या जागी बसलो आणि पियानोच्या पाठीला हात लावून भाता मारू लागलो!

आणि लाईट आली.

सगळ्या शाळेने पाहिलं. हशा थांबेना. हात काढायला गेलो, तर गफूरचाचा मागून ओरडले, “सर, बंद नक्को करो! फिर जाती!”

कुसुमने सूर धरला, थोडी पुढे वाकली आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली,

“आज हवा बरोबर दिलीत.”